तीन चालत न्हाई

परीक्षा संपली त्या संध्याकाळी इकरा धाडधाड जिना चढून वर आली आणि दारातूनच ओरडली, "फुप्पी, शेवटचं बी सुटलं! तीन आणि आठ!"

शेवटचं म्हणजे पेपरातलं शेवटचं उदाहरण, वर्गमुळाच्या समीकरणाचं. गोदा-मांजरा मंडळ दरवर्षी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या दहावीच्या मुलींची गणिताची परीक्षा घेतं, आणि ज्या मुली निवडल्या जातात त्यांची अकरावी-बारावीची सोय लातूरला करतं, राहण्याजेवणासकट. इकरा माझ्या धाकट्या भावाची, आसिफची मुलगी. आसिफचं अहमदपुरात एसटी स्टँडजवळ मोटर वायंडिंगचं दुकान आहे. एकाच घरात तो खाली राहतो, मी वर. त्यानं पोरीला एकदाच सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर लातूर, न्हाई झाली तर इथलं कॉलेज, पुढं बोलायचं न्हाई. माझा भाऊ वाईट नाही, पण एकदा अट घातली की ती त्याला स्वतःलाही मोडता येत नाही, असा हट्टी. आमच्या घराण्यातच आहे ते, माझ्याकडं बघून कुणीही सांगेल.

तेव्हा तीन आणि आठ ऐकून मी खूश झाले. उदाहरण काय होतं ते मी विचारलंही नाही. इतकी वर्षं हायस्कुलात गणित शिकवतेय मी, पण त्या संध्याकाळी मी नुसती फुप्पी होते.

पुढच्या आठवड्यात मंडळानं तपासणीला नांदेडला बोलावलं. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे बसतो. लातूर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी नांदेडचे पेपर तपासायचे आणि नांदेडवाल्यांनी लातूरचे, असा नियम. पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. इकराचा पेपर माझ्या हाती येणार नव्हता आणि मला ते बरंच वाटत होतं. माझ्या शेजारी लोह्याच्या तनुजा मॅडम होत्या. बाई हसतमुख, पर्समध्ये कायम भाजलेल्या शेंगा, आणि पुढ्यात लातूरचे गठ्ठे.

तपासणीची एक रीत आहे. सकाळी मुख्य परीक्षक फळ्यावर आदर्श उत्तरं लिहितात, कुठल्या पायरीला किती गुण ते सांगतात, आम्ही उतरवून घेतो. मग ते विचारतात, "मंजूर?" आणि सगळे एका सुरात म्हणतात, "मंजूर." कागद फिरतो, सह्या होतात आणि लाल पेनं बाहेर निघतात. मुख्य परीक्षक शिवमूर्ती सर, देगलूरचे निवृत्त मुख्याध्यापक. हॉलमधले अर्धे शिक्षक त्यांच्याकडं शिकलेले आणि उरलेल्यांतले बरेच त्यांच्या हाताखाली नोकरी केलेले. त्यांना कधी कुणी नामंजूर म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शेवटचं उदाहरण त्यांनी सुरेख अक्षरात सोडवलं.

√(x + १) = x − ५

दोन्ही बाजूंचा वर्ग केला. x + १ = x² − १०x + २५. सगळं एका बाजूला घेतलं. x² − ११x + २४ = ०. अवयव पाडले. (x − ३)(x − ८) = ०. उत्तर, x = ३ किंवा x = ८. दोन्ही लिहिली तर गुण चार, एकच लिहिलं तर दोन.

इकराचं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर! मी मनातल्या मनात आसिफच्या दुकानात पेढे वाटले आणि सही ठोकून दिली.

दुपारच्या जेवणानंतर एक पेपर हाती आला. अक्षर गिचमिड, मध्येच शाई फुटलेली. शेवटच्या उदाहरणाच्या पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, तीनही काढले होते आणि आठही. पण त्या पोरीनं तिथं थांबायचं सोडून एक रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं:

ताळा. ३ टाकून बघितलं. डावीकडं ४ चं वर्गमूळ २ आलं. उजवीकडं ३ − ५ = −२ आलं. ३ चालत न्हाई. ८ टाकलं. ३ = ३. उत्तर फक्त ८.

'न्हाई' असंच लिहिलं होतं, बोलते तसं.

माझं पेन दोन गुण द्यायला खाली आलेलं होतं, ते तिथंच थांबलं. मी तीन टाकून बघितलं. मग परत टाकून बघितलं, कारण पहिल्या वेळी जे दिसलं ते मला दिसायला नको होतं. डावीकडं दोन, उजवीकडं उणे दोन. हे बरोबर आहे म्हणून मी सही केली होती.

माझ्या वर्गातल्या पोरांना मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. वर्ग केला की उणं चिन्ह पुसलं जातं. दोनचा वर्ग चार आणि उणे दोनचाही चार. त्यामुळं वर्ग करताना आपल्या समीकरणाबरोबर त्याचं उलट्या चिन्हाचं भावंडही आत शिरतं आणि त्याचं उत्तर आपल्या उत्तरांत येऊन बसतं. ते हुसकून लावायचं असेल तर प्रत्येक उत्तर पहिल्या समीकरणात टाकून बघायचं. ताळा ही शोभेची ओळ नाही, ती उदाहरणाची शेवटची पायरी आहे. हे मी सांगते. इकराला तर घरी बसवून सांगितलं होतं. तिनं ते केलं नव्हतं आणि सकाळी मीही केलं नव्हतं.

तो पेपर मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. दुसरे काढले, तपासले. चहा आला, तो प्यायले. पण तळाशी गेलेला पेपर काही डोक्यातून जाईना. एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या पोरीला मी अर्धे गुण द्यायचे, आणि का, तर तिनं बाकीच्यांपेक्षा जास्त विचार केला म्हणून? माझा पारा चढला. आधी स्वतःवर चढला, मग फळ्यावर. मी उठून उभी राहिले.

"सर, शेवटचं उत्तर चुकलंय."

हॉलमध्ये पेनं थांबली. तनुजा मॅडमनी माझी ओढणी खाली ओढली. "हुस्नाताई, बसा ना वं. लोह्याची गाडी हुकंल माझी."

शिवमूर्ती सरांनी चष्मा वर केला. "काय चुकलंय?"

"तीन चालत न्हाई सर. टाकून बघा. एकीकडं दोन येतं, दुसरीकडं उणे दोन."

सर हसले. रागावले नाहीत, हसले, आणि मला त्याचाच जास्त राग आला. "बाई, चारचं वर्गमूळ दोन असतं तसं उणे दोन बी असतं. हे तर शाळेतली पोरं सांगतील. मग तीन का चालू नये?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. ही चूक मला ओळखीची आहे. चांगले चांगले शिक्षक ती करतात, वर्षानुवर्षं करतात, कारण त्यांना कुणी विचारत नाही.

"चारला दोन वर्गमुळं असतात, कबूल," मी म्हटलं. "पण हे चिन्ह घातलं की त्यातलं धन मूळ तेवढंच घ्यायचं, उणं न्हाई."

"असं कुणी ठरवलं?"

"सर, वर्गसमीकरणाचं सूत्र तुम्ही जन्मभर शिकवलं. त्यात ह्या चिन्हाच्या आधी अधिक-उणे लिहितो आपण. चिन्हातच दोन्ही असती तर अधिक-उणे लिहायची गरज काय होती?"

"इल्ला, इल्ला," सर पुटपुटले. देगलूरकडची माणसं नाही म्हणायला कधीकधी तो शब्द वापरतात. पण म्हणता म्हणता ते फळ्याकडं वळले होते. खडू उचलला. मग समीकरणात तीन घातले, दोन्ही बाजू लिहिल्या आणि त्यांच्याकडं बघत राहिले. शेवटी डस्टर न शोधता तळहातानंच त्यांनी उत्तरातलं तीन पुसलं.

"हाव," आमच्याकडं पाठ ठेवूनच ते म्हणाले. "न्हाई चालत."

मला वाटलं, मिटलं. पण गडबड मंडळाच्या ऑफिसपर्यंत गेली होती आणि सचिव आनंदराज लगबगीनं आत आले. माणूस कामाचा, बोलायला गोड. सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"एवढंच ना? अर्धे गठ्ठे तपासून झालेत, उद्या निकाल लावायचाय. ज्यांनी फक्त आठ लिहिलं त्यांना चार द्या. ज्यांनी तीन आणि आठ लिहिलं त्यांना बी चार. कुणाचंच नुकसान न्हाई."

हॉलमध्ये सगळ्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. त्या गिचमिड अक्षराच्या पोरीला तिचे गुण मिळत होते आणि इकराचेही वाचत होते. मी खुर्चीवर बसलेसुद्धा.

"आणि सर, फळ्यावर ते तीन परत लिहा," आनंदराज जाता जाता म्हणाले. "पुस्तिकेत दोन्ही छापू. न्हाईतर गुण का दिले म्हणून पालक विचारतील."

मंडळाची आदर्श उत्तरांची पुस्तिका दरवर्षी दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत जाते. मुली तिच्यावरून तयारी करतात, शिक्षक तिच्यावरून शिकवतात. ती माझ्या टेबलावरही असते. म्हणजे पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात एखादी पोरगी ते पान उघडून मला दाखवणार, मॅडम, तीन चालतं की, छापलंय इथं. मी पुन्हा उठले. तनुजा मॅडमनी कपाळाला हात लावला.

"न्हाई," मी म्हटलं. "तीन लिहायचं न्हाई आणि सगळ्यांना चार बी द्यायचे न्हाईत. एकीनं ताळा केला, दुसरीनं केला न्हाई. दोघी सारख्याच, असं आपण म्हणणार? मग पहिलीनं उगीचच डोकं शिणवलं की."

"ताई, सगळ्यांना गुण भेटून राहिलेत. कुणी रडून राहिलं का?" आनंदराज दारातून मागं वळले.

"चूक ती चूक. वाटून खाल्ली म्हणून बरोबर होत न्हाई."

"सकाळी तुम्हीच मंजूर म्हटलं. ही काय सही."

"केली सही. न बघता केली. आणा तो कागद, खोडते. आणि तसंच छापायचं असंल तर माझ्या गठ्ठ्यांच्या गुणपत्रकावर मी सही करणार न्हाई. माझ्या सहीबगर निकाल लागत असंल तर खुशाल लावा."

आनंदराजांचा गोडवा तिथं संपला. ते माझ्या टेबलाजवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "एवढा जोर कशापायी वं? तुमच्या नात्यागोत्यातली असंल कुणी, आठ लिहिणारी."

माझ्या अंगाची आग आग झाली.

"हाय ना नात्यातली. माझ्या भावाची पोरगी बसलीय परीक्षेला. लातूरच्या गठ्ठ्यात हाय तिचा पेपर. तिनं तीन बी लिहिलंय आणि आठ बी. तुमच्या मतानं केलं तर तिला चार मिळतात, माझ्या मतानं केलं तर दोन. आणि निवड झाली न्हाई तर तिचा बाप तिला लातूरला पाठवणार न्हाई. आता बोला."

तनुजा मॅडमनी धरलेली ओढणी सोडली. माझा आवाज कसा नाही लटपटला, याचं मला अजून नवल वाटतं.

शिवमूर्ती सर फळ्यापासून हलले. "आनंदराज, चूक माझी हाय. निस्तरायची बी मीच. निकाल उद्या न्हाई, परवा लावा." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "काढा सगळे गठ्ठे परत. फक्त आठ लिहून ताळा घेतला असंल तर चार. तीन आणि आठ दोन्ही उत्तर म्हणून ठेवले असतील तर दोन. मंजूर?"

मंजूर असं कुणी जोरात म्हटलं नाही, पण गठ्ठे निघाले. तनुजा मॅडमची गाडी हुकलीच. एकेका पेपरावरचा चार खोडून दोन करताना त्या मध्येच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, भाचीचा नंबर काय वं?"

"मला माहीत न्हाई," मी म्हटलं. मला तो पाठ होता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून रडले. बरोबर वागलं म्हणून रडू येत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला एकदा माझ्या जागी बसवायला पाहिजे. त्या दुसऱ्या पोरीचा मला रागही आला. कोण कुठली, लोह्याची की देगलूरची, कसली हौस तिला ताळा करायची, असंही मनात येऊन गेलं.

निकाल लागला. इकरा एका गुणानं राहिली.

ती वर आली तेव्हा रडत नव्हती. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाली, "फुप्पी, मंडळात विचारा ना. सगळं बरोबर होतं माझं. शेवटच्याला दोनच दिलेत."

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. सही केली ते, पेपर तळाशी घातला ते, दोनदा उठून उभी राहिले ते.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हीच?"

"हाव. मीच."

तिनं कोपऱ्यातलं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर समीकरण लिहिलं. तीन घातलं. पेन एवढं दाबलं की कागद फाटला. दोन, उणे दोन. मग आठ घातलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं टाकून बघ म्हणून. घाई केली मी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. तिनं तो झटकला.

"तुम्ही बरोबर केलं, फुप्पी. पण मला तुमचा राग आलाय. लई राग आलाय."

"येऊ दे."

"त्या पोरीसाठी सगळ्या हॉलशी भांडलात तुम्ही. तिचं नाव बी माहीत न्हाई तुम्हाला." तिचा आवाज आता फुटला. "माझं तर माहीत हाय ना? मग माझ्यासाठी कोण भांडणार? अब्बाच्या त्या अटीपुढं तुम्ही बी गप, अम्मी बी गप. कधी विचारलं का त्यांना, अशी अट का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. एका परक्या फळ्याला नाही म्हणायची माझ्यात धमक होती आणि सख्ख्या भावाची अट मी वर्षभर मुकाट ऐकून घेतली होती. त्या अटीत मला सोय दिसली होती. पोरगी हुशार आहे, निवड होईल, भांडायची वेळच येणार नाही, असं धरून चालले होते मी.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

आसिफ दुकानात उघड्या मोटरीत तांब्याची तार भरत बसला होता. आम्हा दोघींना एकदम आलेलं बघून त्यानं ओळखलंच.

"निवड न्हाई झाली," मी म्हटलं.

"बरं." त्यानं तार खाली ठेवली नाही. "मग इथलं कॉलेज. ठरलेलंच हाय."

"तुझं ठरलंय. आम्ही दोघी लातूरला जाऊन राहणार."

आता त्यानं तार ठेवली. "दोघी?"

"खोली बघते तिथं. ती शिकंल. मी सकाळच्या एसटीनं इथं शाळेला येईन आणि संध्याकाळी परत जाईन."

"आपा, रोज? ह्या वयात? पाठीचं काय व्हायचं?"

"पाठ माझी हाय."

"लोक काय म्हणतील? निवड झाली असती तर गोष्ट येगळी होती. न झालेल्या पोरीला बाहेरगावी ठेवली म्हणतील."

"म्हणू दे. मी रोज स्टँडवरच उतरणार हाय, माझ्या तोंडावर येऊन म्हणा म्हणावं. आसिफ, मी तुझ्याकडं परवानगी मागायला न्हाई आले. एक वर्ष तुझी अट ऐकून घेतली, तेच लई झालं. गुण मी कापले तिचे, आणि बरोबर कापले. पण एका गुणावर पोरीचं शिक्षण टांगून ठेवलं तू. त्याला मी हो म्हणणार न्हाई, आज बी न्हाई आणि उद्या बी न्हाई."

समोरच्या पानटपरीवरचे दोघे बोलायचे थांबून आमच्याकडं बघत होते. बघू दे म्हटलं. आसिफनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या आड उभ्या असलेल्या पोरीकडं.

"तू सांग गं," तो तिला म्हणाला. "तिथं निवडलेल्या पोरी असणार. परीक्षा पार करून आलेल्या. त्यांच्यात तू कशाच्या जोरावर बसणार?"

इकरा माझ्या मागून पुढं आली. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"एक गणित चुकलं, अब्बा. ते बी आता येतं मला."

आसिफनं तारेचं टोक शोधलं, मोटर जवळ ओढली आणि पुन्हा तार भरायला लागला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मीही आता जागची हलणार नव्हते. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, त्यानं विचारलं, "लातूरहून सकाळची पहिली गाडी किती वाजता असते, आपा?"